ठिपक्यांची साक्ष

मराठी शिकवणाऱ्या माणसाला झाडाचे नाव विचारू नये. त्याला ते ठाऊक नसते म्हणून नव्हे. ठाऊक नसले तरी तो सांगतो म्हणून. वीस वर्षे वर्गापुढे उभे राहिले की 'पाहून सांगतो' हे शब्द जिभेवर यायचेच थांबतात. माझ्या या सवयीचा एक प्रसंग गेल्या दिवाळीच्या सुटीत घरच्यांवर बेतला. तो कोणापुढे तरी कबूल केल्याशिवाय मन हलके व्हायचे नाही. या सदराचे वाचक माझ्या फजितीला एव्हाना सरावले आहेत, तेव्हा त्यांच्यापुढेच करतो.

माझी धाकटी बहीण दक्षिण आफ्रिकेत, पीटरमारित्झबर्ग नावाच्या गावी असते. मेहुण्यांची नोकरी तिथली. हे तेच गाव, जिथल्या स्टेशनावर ७ जून १८९३ च्या रात्री मोहनदास गांधी नावाच्या एका तरुण बॅरिस्टराला, खिशात पहिल्या वर्गाचे तिकीट असताना, गाडीतून खाली उतरवले होते. आईचे मन कित्येक दिवस नातवाकडे लागले होते. माझी सुटी आणि तिचा पासपोर्ट यांची गाठ एकदाची पडली, आणि चकलीचे दोन डबे सांभाळत आम्ही डर्बनच्या विमानतळावर उतरलो. तिथून मोटारीने तासाभराचा चढ चढला की टेकड्यांच्या द्रोणात वसलेले हे गाव लागते.

आपली दिवाळी म्हणजे तिकडचा वसंत. पहिले पाऊस पडून गेलेले, टेकड्यांवर कोवळे गवत, आणि संध्याकाळी अंगावर शाल घ्यावी असा गारवा. बहिणीचे घर गावाच्या कडेला आहे. मागच्या दारातून बाहेर पडले की दगडगोट्यांनी भरलेला एक उतार वर जातो. गवत, मध्येच काटेरी झुडपे, मध्येच मोठाले खडक. आई पहिल्या दिवशी संध्याकाळी तिकडे फिरायला म्हणून गेली आणि पदराने घाम पुसत धापा टाकीतच परत आली.

"अरे, डोंगरभर कोरफड आहे! नुसती पसरलीये. आणि इथली माणसं पोराला बाटलीतलं औषध पाजताहेत."

भाच्याला आठ दिवसांपासून खोकला होता. आमच्या घरी खोकल्यावर औषध एकच. कोरफडीचे पान विस्तवावर भाजायचे, सोलून त्याचा रस काढायचा, त्यात मध आणि चिमूटभर हळद घालून चमचाभर पाजायचे. मी या रसावर वाढलो, बहीण वाढली. आईला वाटले, देवानेच मागील दारी सोय करून ठेवली आहे.

बहिणीने मात्र लगेच होकार दिला नाही. ती म्हणाली, "आई, ती रानातली आहे. आपल्या कोरफडीवर असे ठिपके कुठे असतात? दादा, तू जरा बघ ना."

मी पाहिले. पायरीवर उभे राहून, चष्मा न लावता, दहा पावलांवरून पाहिले. जमिनीसरशी पानांचा झुबका, पानांच्या कडांना काटे, पानांवर पांढरे ठिपके. कोरफडीच्या पिल्लांवर लहानपणी पांढरे ठिपके असतात आणि झाड वाढले की ते नाहीसे होतात, हे मी कुठेसे वाचले होते. ते बरोबरही आहे. विधान खरे असल्यामुळेच तर माझा आवाज इतका ठाम निघाला. "कोवळी आहे," मी म्हटले, "मोठी झाली की ठिपके जातात." हे ऐकल्यावर बहिणीने सुरी आणून दिली. लहानपणापासून तिचा माझ्यावर विश्वास आहे, आणि हे सगळे लिहिताना मला तेच अधिक टोचते आहे.

तीन पाने कापली. गॅसच्या ज्योतीवर भाजताना आई म्हणाली, "वास निराळा येतोय रे." मी म्हटले, "माती निराळी आहे." भाच्याने नाक धरून चमचाभर रस घेतला आणि वर बडीशेप मागितली.

रात्री एकच्या सुमाराला पोर पोट धरून रडू लागले. आधी उलट्या, मग जुलाब. मेहुण्यांनी मोटार काढली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोराला तपासले, सलाइन लावले आणि मग विचारले, काय खाल्ले होते? मी कोरफडीचे इंग्रजी नाव सांगितले, "ॲलो." डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. "ॲलो, ते समजले. पण कोणता?" 

एम. ए. च्या तोंडी परीक्षेत सुद्धा मी इतका निरुत्तर झालो नव्हतो. कोरफड म्हणजे कोरफड, एवढेच माझे ज्ञान. तिचे पाचशेहून अधिक भाऊबंद जगात आहेत आणि त्यांतले कितीतरी याच देशात राहतात, हे मला त्या बाकावर बसल्यावर कळले. डॉक्टर भले होते, रागावले नाहीत. या पानांच्या सालीखाली जो पिवळा कडू चीक असतो तो रेचक असतो, लहान मुलांना तो अजिबात देऊ नये, मग पान ओळखीचे असो की बिनओळखीचे, एवढे त्यांनी सांगितले. पोट त्याच रसाने बिघडले की प्रवासातून आलेल्या चकलीने, याचा निवाडा त्यांनी केला नाही. पहाटे पोर झोपले. घरी येताना बहीण मोटारीत इतकेच म्हणाली, "दादा, तू नीट बघितलं होतंस ना?"

मी बघितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाई विचारपूस करायला आल्या. त्यांचे पूर्वज मद्रासकडून उसाच्या मळ्यांवर कामाला आलेले. आता त्यांना तमिळ फारसे येत नाही, पण कोरफडीला त्या अजून 'कट्राळै' म्हणतात. आईचे आणि त्यांचे संभाषण खुणांनीच चालले होते, पण मला न समजलेली गोष्ट त्या दोघींना पाच मिनिटांत समजली. बाई घरी गेल्या आणि पत्र्याच्या डब्यात लावलेल्या आपल्या कोरफडीचे एक पान घेऊन आल्या. ते त्यांनी ओट्यावर, आदल्या दिवशीच्या उरलेल्या पानाशेजारी ठेवले. काही बोलल्या नाहीत.

दोन्ही पाने शेजारी ठेवल्यावर आंधळ्यालाही फरक कळला असता. कोरफडीचे पान तलवारीसारखे लांब, निमुळते, राखाडी झाक असलेले हिरवे. कडांचे काटे फिकट, बोट फिरवले तर खरचटतील इतकेच. दोन्ही अंगे स्वच्छ. डोंगरावरचे पान आखूड, बुडाशी रुंद, त्रिकोणी, गर्द हिरवे. काटे तपकिरी आणि चांगलेच टणक. वरच्या अंगावर लांबट पांढरे ठिपके वेड्यावाकड्या आडव्या ओळींत मांडलेले, त्यांतले काही एकमेकांना चिकटून इंग्रजी 'एच' सारखे झालेले. खालचे अंग फिकट, जवळजवळ कोरे. आणि पानाचे टोक वाळून, तपकिरी होऊन, विझलेल्या वातीसारखे वळलेले.

मग मी चष्मा लावून उतारावर गेलो. ज्या झाडाची पाने आम्ही कापली होती, त्याच्या भोवती त्याचीच आठ पिल्ले बसली होती. मधोमध मागल्या हंगामातला वाळलेला फुलांचा दांडा अजून उभा होता. आठ लेकरांच्या आईला मी कोवळी म्हटले होते.

बाईंनी आईला आणखी एक गंमत दाखवली. ठिपक्यांचे पान चिरून त्याचा गर त्यांनी नळाखाली दोन्ही हातांवर चोळला, आणि बघता बघता फेस आला. आईनेही चोळून पाहिला. रात्रभर न झोपलेल्या तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले. "रिठा आहे हो हा!" ती म्हणाली. जुनी माणसे याने हात धूत, कपडे धूत, म्हणून इंग्रजीत याला साबणाची कोरफड अशा अर्थाचे नाव आहे. तिकडच्या डच वंशाच्या लोकांच्या आफ्रिकान्स भाषेत हिला 'बोंट-आल्विन' म्हणतात; बोंट म्हणजे ठिपक्याठिपक्यांची. झुलू भाषेतले नाव मला देवनागरीत लिहिता येत नाही. आधी 'इ', शेवटी 'एना', आणि मध्ये एक असा आवाज, की जो हळहळताना आपण जिभेचे टोक दातांमागे लावून 'च्‌ च्‌' करतो त्यातला एक 'च्‌'. घरी कामाला येणाऱ्या बाईंनी तो उच्चार मला तीनदा करून दाखवला आणि मला तीनदाही जमला नाही. आईला पहिल्याच खेपेस जमला. आदली सगळी रात्र तिने तोच सराव केला होता.

शास्त्रीय नावातही हेच साबण आणि ठिपके यांचे भांडण आहे. इटलीतल्या तुरीनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्लो आल्योनी यांनी १७७३ साली हिला 'ॲलो माकुलाटा' म्हटले. माकुला म्हणजे ठिपका, डाग. पुढे १८०४ साली हॉवर्थ नावाच्या इंग्रज पंडिताने 'ॲलो सापोनारिया' हे नाव रूढ केले. सापो म्हणजे साबण. बागांतून आणि पुस्तकांतून साबणाचे नाव दीर्घकाळ चालले. पण या शास्त्रात नियम असा, की जुने नाव खरे. त्यामुळे ठिपके जिंकले. आमच्याकडे एखाद्या ओवीच्या पाठभेदावर तीन पिढ्या भांडतात आणि निकाल लागत नाही. या लोकांचे बरे आहे, सनावळी पाहून मोकळे होतात.

एवढ्यावर मी थांबायला हरकत नव्हती. कोरफड नव्हे ही गोष्ट सिद्ध झाली होती, पोर खाटेवर बसून गोष्टीचे पुस्तक मागत होते. पण डॉक्टरांचा 'कोणता?' डोक्यातून जाईना. गावात १८७४ साली स्थापन झालेली एक वनस्पतिबाग आहे. तिसऱ्या दिवशी मी मोबाइलमध्ये पानाचे छायाचित्र घेऊन तिथे गेलो. तिथल्या एका वयस्कर कर्मचाऱ्याने ते पाहिले आणि मान हलवली. पानांवरून सांगणार नाही, म्हणाले. ठिपक्यांच्या ॲलोंचा एक मोठा गोतावळाच आहे. (चितळाच्या अंगावर असतात तसे ठिपके म्हणून मी त्यांना मनातल्या मनात चितळ कोरफडी म्हणू लागलो.) एकीची पाने दुसरीसारखी दिसतात. एकच जात सावलीत निराळी दिसते, उन्हात निराळी. उन्हाने पाने तांबूस होतात आणि आखडतात. शिवाय जवळपास वाढल्या तर त्यांचा आपसांत संकर होतो. मग मुले आईवरही जात नाहीत आणि बापावरही नाहीत.

मग ते जे म्हणाले त्याने माझ्या पोटात गोळा आला. याच गावाच्या आसपास ठिपक्यांची दुसरी एक जात राहते, 'ॲलो प्रुइनोसा'. प्रुइना म्हणजे दहिवर. तिच्या फुलांवर आणि दांड्यावर दहिवर पडल्यासारखी पांढुरकी पूड असते, म्हणून १९३६ साली रेनल्ड्स यांनी तिला हे नाव दिले. ती काटेरी झाडांच्या सावलीत, दऱ्याखोऱ्यांत वाढते, आणि गावाच्या घरांनी त्या दऱ्या हळूहळू गिळल्या आहेत. तिची गणना आता संकटात सापडलेल्या जातींत होते. पहिली गवतासारखी मुबलक, दुसरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी. आणि दोघींची पाने ठिपक्यांची. म्हणजे मी पोराला काय पाजले हा प्रश्न होताच, वर मी कापले काय, हाही उभा राहिला.

"फूल पाहा," ते म्हणाले. "फुलाशिवाय नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका."

हे वाक्य त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटले असावे असे मला वाटले, पण त्यांना माझा इतिहास ठाऊक नव्हता.

हे रेनल्ड्स म्हणजे गिल्बर्ट वेस्टाकॉट रेनल्ड्स. यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. हे गृहस्थ व्यवसायाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. डोळे तपासून चष्मे देणे हा त्यांचा धंदा. १८९५ साली ऑस्ट्रेलियात जन्मले, लहानपणी दक्षिण आफ्रिकेत आले, आणि चष्म्यांचा धंदा सांभाळून देशभर ॲलो शोधीत हिंडले. १९५० साली त्यांचा दक्षिण आफ्रिकेतील ॲलोंवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्याला प्रास्ताविक लिहिले होते जनरल स्मट्स यांनी. तेच ते स्मट्स, ज्यांनी गांधीजींना तुरुंगात टाकले आणि ज्यांना गांधीजींनी तुरुंगात स्वतः शिवलेल्या चपला भेट दिल्या. राजकारणाबाहेर त्यांना गवताचे आणि रानफुलांचे मोठे वेड होते. १९६६ साली रेनल्ड्स यांचा उष्ण कटिबंधातील आफ्रिका आणि मादागास्कर इथल्या ॲलोंवरचा दुसरा ग्रंथ आला आणि पुढच्या वर्षी ते वारले. आयुष्यभर इतरांना नीट दिसावे म्हणून झटलेला हा माणूस, आणि त्याच्या प्रांतात मी चष्मा खिशात ठेवून निदान करीत होतो.

त्या दुपारी भाचा आणि मी फूल शोधायला उतारावर गेलो. त्याचे पोट आता उत्तम होते. खोकलाही, कोणतेही औषध न घेता, जवळजवळ गेला होता. या ॲलोच्या फुलण्याचा काळ सगळीकडे एक नसतो. कुठे ती हिवाळ्यात फुलते, कुठे उन्हाळ्यात. त्यामुळे आशा होती. दीड तास आम्ही दगडांमधून हिंडलो. झाडे शेकड्यांनी, फूल एकही नाही. वाळलेले दांडे मात्र पुष्कळ. शेवटी एका खडकाच्या पलीकडून त्याची हाक आली, "मामा, छत्री!"

खरोखर छत्रीच होती. कमरेला येईल एवढा दांडा, त्याला वर तीन फाटे, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला केशरी फुलांचा सपाट घोस, वरून सुरीने तासल्यासारखा. ही पहिली खूण. आपल्या कोरफडीचा तुरा उभा, लांबट, शेंड्याकडे निमुळता आणि फुले बहुधा पिवळी. दहिवराच्या जातीचा तुराही लांबट आणि सैल असतो, आणि तिचा हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारी-मार्चमध्ये. इथे दहिवर नव्हते, लांबी नव्हती. होती ती सपाट छत्री. ती तिकडच्या ठिपकेवाल्यांत माकुलाटाचीच ओळख. मग मी एक गळून पडलेले फूल उचलून पाहिले. बोटाच्या दोन पेरांएवढी नळी. बुडाशी वाटाण्यासारखा गोल फुगवटा, त्याच्या वर चिमटीत धरल्यासारखी बारीक झालेली, आणि पुन्हा तोंडाकडे रुंदावत गेलेली. हा फुगवटा म्हणजे ठिपक्यांच्या सगळ्या गोतावळ्याची कुळखूण. कोरफडीच्या फुलाला तो असा नसतो. ठिपके फसवतात, फुगवटा फसवत नाही.

आम्ही तिथे बसलो असताना एक शिंजीर आला. आपल्याकडे बागेत येतो त्याचाच भाऊबंद, तीच बाकदार चोच. दांड्यावर बसून त्याने एकेका नळीत चोच घातली आणि कपाळाला पिवळे पराग लावून घेऊन पुढच्या छत्रीकडे गेला. मधमाश्या तर होत्याच. भाचा म्हणाला, "मामा, याला जुलाब नाही होणार?" मी म्हटले, "तो मामाला विचारून पीत नाही."

बसल्या बसल्या मला तो उतार दिसू लागला. चार दिवस मी तिथे ये-जा करीत होतो, पण ती झाडे कुठे वाढतात आणि कुठे वाढत नाहीत हे पाहिलेच नव्हते. खालच्या खोलगट, ओलसर जागेत, जिथे गवत गुडघाभर होते, तिथे एकही नव्हते. खडकांच्या कडेने, दगडांच्या भेगांत, जिथून पाणी चटकन वाहून जाते अशा जागी त्यांची दाटी. काही काटेरी झुडपांच्या बुडाशी, अर्ध्या सावलीत, अधिक हिरवी आणि रुंद. तिकडे हिवाळा कोरडा असतो. गवत वाळते, आणि वाळले की वणवे लागतात. खडकांमध्ये गवत विरळ, म्हणून तिथे आग फार भडकत नाही. पानांत पाणी साठवलेले असल्यामुळे हिवाळाही निघतो, आणि पानांची टोके वाळतात ती वाळतात. त्या विझलेल्या वातींचा अर्थ मला आता लागला.

अशा जागा या झाडाला किती ठिकाणी सापडल्या आहेत, याचे नवल वाटते. नैर्ऋत्येला केपच्या द्वीपकल्पापासून ही जात सुरू होते ती किनाऱ्याने आणि डोंगरांनी पूर्वेकडे सरकत, क्वाझुलू-नाताळ ओलांडून, लेसोथो आणि पूर्वीचा स्वाझिलँड म्हणजे आताचा एस्वातिनी यांत शिरून, तुटक तुटक होत थेट झिंबाब्वेच्या पूर्वेकडच्या उंच डोंगरांपर्यंत जाते. समुद्राच्या काठाशी वाढते आणि दोन हजार मीटर उंचीवर, जिथे हिवाळ्यात कडाक्याचे दव गोठते, तिथेही वाढते. तिला कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. बी पडते, पिल्ले फुटतात. धोक्यातल्या जातींच्या यादीत तिचे नाव नाही. ते वाचून, खोटे कशाला सांगू, माझ्या जिवात जीव आला.

संध्याकाळी आई आमच्याबरोबर वर आली. छत्री तिला दाखवली. ती बराच वेळ झाडाकडे नव्हे, उताराकडेच पाहत होती. "इतकी सगळी," ती म्हणाली, "आणि एकही कुणी कुणाला दिलेली नाही."

मला आधी तिचे बोलणे उमगले नाही. मग लक्षात आले, की आईने आयुष्यात कोरफड ओळखलीच नव्हती. तशी वेळच आली नव्हती. आमच्या पुण्यातल्या गॅलरीतली कोरफड तिने वाईहून, तिच्या आईच्या परसातून आणलेली. आजीने ती कुठल्याशा नणंदेकडून आणलेली. ज्यांना ज्यांना आम्ही पिल्लू दिले, त्यांच्याकडेही ती 'अमक्यांनी दिलेली कोरफड' म्हणूनच वाढते आहे. आपल्याकडे कोरफड बियांवर क्वचितच वाढते. ती हातोहात जाते. तिची ओळख पानावर नसते, देणाऱ्यावर असते. आईची ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चुकली नव्हती. ती चुकली, कारण या वेळी झाड हातातून न येता डोंगरावरून आले, आणि देणाऱ्याच्या जागी मी होतो.

आणि कोरफड तरी मूळची आपली कुठे आहे? निकोलास बुर्मान या डच पंडिताने १७६८ साली तिला आज चालणारे 'ॲलो वेरा' हे नाव दिले, ते 'फ्लोरा इंडिका' या, भारताचे नाव मिरवणाऱ्या ग्रंथात. त्यानंतर जेमतेम दहा दिवसांनी लंडनच्या फिलिप मिलर यांनी तिला बार्बाडोस बेटाचे नाव देऊन टाकले. दोघांनाही ती भेटली ती माणसांनी लावलेली. ती रानात आपल्या आपण उगवते असा मुलूख अभ्यासकांना सापडला आहे तो अरबस्तानात, ओमानच्या उत्तरेकडच्या हजर पर्वतात. तिथून व्यापाऱ्यांच्या, वैद्यांच्या आणि आमच्या आजीसारख्या बायकांच्या हातांतून ती जगभर गेली. बाळंतिणीच्या औषधांतला काळा बोळ तिच्याच चिकाचा.

परतीच्या आदल्या रात्री आईची पिशवी भरताना बहिणीला तिच्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी सापडले. उलगडले तर ठिपक्यांचे एक पिल्लू. "साबणाला होईल," आई म्हणाली.

मी समजावू लागलो, की झाडे अशी नेता येत नाहीत. मातीसकट झाड न्यायला दोन्हीकडच्या सरकारांचे कागद लागतात. त्यातून हे ॲलो. दुर्मीळ वनस्पतींच्या व्यापारावर निर्बंध घालणारा एक आंतरराष्ट्रीय करार आहे आणि त्याच्या याद्यांत ॲलोची सगळी जातकुळी घातलेली आहे. परवान्याशिवाय एक पिल्लूसुद्धा देशाबाहेर काढता येत नाही. अपवाद एकाच जातीचा.

"कुठल्या?"

"आपल्या कोरफडीचा. ती सगळीकडे लावलेली असते, म्हणून तिला त्या करारातून वगळली आहे."

आई पिल्लू उलटसुलट करून पाहत म्हणाली, "म्हणजे विमानतळावरच्या माणसांना फरक कळतो."

पहाटे उठून भाच्याने आणि मी ते पिल्लू त्याच्या आईशेजारी, त्याच खळग्यात, दगड लावून पुन्हा बसवले.

पुण्याला आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी आई गॅलरीत कुंड्या सारखी करीत होती. तिने मला हाक मारली. वाईच्या कोरफडीच्या बुडाशी नवे पिल्लू फुटले होते. वीतभर उंचीचे, आणि पानांवर पांढरे ठिपके, ओळीने.

"काय रे, ही कोणती?"

मी आत जाऊन चष्मा घेऊन आलो.